गच्चीला पांढरा रंग मारून खोली खरंच गार होते का? (सांगलीकरांचे अनुभव हवेत)

गच्चीवाला | १२ मार्च, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. विश्रामबागेत आमचं जुनं घर आहे. खाली आईबाबा, वर आम्ही, आणि आमच्या दोन खोल्यांच्या डोक्यावर थेट गच्ची. यंदा मार्चच्या पहिल्याच आठवड्यात सुरुवात झाली. पंखा लावला की गरम वाफा अंगावर येतात. आत्ता पलंगावर उभं राहून स्लॅबला हात लावून बघितला, रात्रीचे सव्वाअकरा वाजलेत आणि स्लॅब कोमट आहे.

परवा एक रंगवाले माहितीपत्रक घेऊन आले होते. 'उन्हाळी रंग', दोन हात, चौरस फुटाला २४ रुपये, गच्ची ८५० चौरस फूट. पत्रकावर ठळक अक्षरात 'तापमान १० अंशांनी कमी'. कशाचं तापमान, कुठे मोजलेलं, दुपारी की रात्री, काही नाही. विचारलं तर म्हणाले, "साहेब, फरक तुम्हाला कळंलच." बाबा म्हणतात वीस हजार घालवण्यापेक्षा चुना मार. आईला काळजी वेगळीच आहे, रंग मारल्यावर पापड-कुरडया कुठे घालायच्या?

कुणी केलंय का? खरा अनुभव सांगा.

निवांत_मिरजकर | १२ मार्च, रात्री ११.४१

दीड टनाचा एसी घ्या, विषय संपवा.

गच्चीवाला | १२ मार्च, रात्री ११.४६

एका खोलीत आहे हो. गेल्या मे महिन्यात रात्रभर लावून पहाटेपर्यंत खोली जेमतेम गार व्हायची. स्लॅबच उष्णता ओतत असेल तर एसी तरी काय करणार?

पत्र्याखाली | १३ मार्च, सकाळी ७.०५

आमचं वर्कशॉप कुपवाडला, वर साधा पत्रा. तीन वर्षांमागं चंदेरी रंग मारला, अ‍ॅल्युमिनियमचा. बघायला लई भारी, लांबनं चमकतंय. पण आत दुपारी दोनला पोरं बनियनवर काम करत्यात. घंटा फरक पडला नाही. त्यामुळं माझा तर या रंगाबिंगावर विश्वास न्हाई. स्लॅबचं तुम्ही बघा.

शिकवणीबाई | १३ मार्च, दुपारी ४.३०

पत्र्याखाली, तुमचा अनुभव खरा आहे आणि त्याला कारणही आहे. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा. पस्तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवल्याची खोड आहे ही.

छतावर दोन गोष्टी चालतात. पहिली, ऊन किती परत फेकलं जातं, म्हणजे परावर्तन. दुसरी, जे शोषलं गेलं त्यातली उष्णता छत स्वतः किती सहज बाहेर टाकतं. दुसरीला उत्सर्जन म्हणतात आणि विक्रेते ती सहसा सांगत नाहीत. चकचकीत धातू पहिल्यात बरा असतो, पण दुसऱ्यात अगदी कंजूस. घेतलेली उष्णता धरून ठेवतो. चंदेरी रंगात अ‍ॅल्युमिनियमची भुकटी असते, त्यामुळे तो उत्सर्जनात मार खातो. साधा पांढरा रंग किंवा चुना दोन्हीत चांगला. म्हणून डोळ्यांना चंदेरी जास्त चमकदार दिसला तरी पत्रा पांढऱ्याखालीच कमी तापतो.

आता गच्चीवाले, तुमचा हिशेब. एप्रिलच्या भर दुपारी आपल्याकडे आडव्या पृष्ठभागावर चौरस मीटरला साधारण ९०० वॉट ऊन पडतं. तुमची गच्ची ७९ चौरस मीटर, म्हणजे ७० किलोवॉट. जुनी, काळपट पडलेली सिमेंटची गच्ची त्यातलं ६५ ते ७० टक्के पिते. ताजा पांढरा रंग वीसेक टक्के. पण उरलेलं सगळं खोलीत येतं असं समजू नका. बरंचसं वारा नेतो, काही छत आकाशाकडे टाकतं. पाच इंची स्लॅबमधून खाली किती येतं, याचा मी हातावरचा हिशेब केला. पृष्ठभाग १५ अंशांनी कमी तापला, तर ऐन दुपारी साधारण एक टनाचा एसी जेवढी उष्णता उपसतो, तेवढी आत येणारच नाही.

आणि रात्री अकराला स्लॅब कोमट का? स्लॅब जाड आहे. दुपारी दोनची उष्णता त्यातून खाली यायला तीन-चार तास लागतात आणि ती ओसरायला आणखी वेळ. तुमच्या पंख्याखाली रात्री येते ती दुपारचीच शिल्लक.

गच्चीवाला | १३ मार्च, संध्याकाळी ६.१२

बाई, वाचून डोकं गार झालं, खोली व्हायची आहे. मग ते '१० अंश' खोटं का?

शिकवणीबाई | १३ मार्च, रात्री ८.५०

खोटं नाही, अर्धवट आहे. गच्चीच्या पृष्ठभागाचं म्हणत असतील तर १० काय, १५ सुद्धा होईल. खोलीतल्या हवेचं म्हणत असतील तर २-३ अंशांवर समाधान माना, कारण भिंती, खिडक्या, स्वयंपाकघर यांची उष्णता येतच राहते. पण छताचा तळ चार अंशांनी उतरला की अंगाला त्याहून जास्त बरं वाटतं. वरून अंगावर येणारी धग कमी होते, थर्मामीटर काहीही म्हणो.

डबा घेताना आकडे मागा: परावर्तन किती, उत्सर्जन किती, आणि तीन वर्षं ऊनपाऊस खाल्ल्यावर परावर्तन किती उरतं. काही कंपन्या एसआरआय असा एकच आकडा देतात. त्यात ठरावीक काळ्या पृष्ठभागाला ० आणि ठरावीक पांढऱ्याला १०० धरलेलं असतं, म्हणून चांगल्या रंगाचा आकडा १०० च्या वरही जातो, दचकू नका. आपल्याकडे व्यावसायिक इमारतींसाठी ऊर्जा संवर्धनाची जी २०१७ ची संहिता आहे, तिच्यात सपाट शीतछताला, म्हणजे ऊन परत फेकून कमी तापणाऱ्या छताला, सुरुवातीचं परावर्तन किमान ०.६० आणि उत्सर्जन ०.९० मागितलंय. घराला ती लागू नाही, पण तुलनेला बरी. हे आकडे जो देत नाही त्याला चहा पाजून वाटेला लावा.

माणदेशी | १४ मार्च, सकाळी ६.४०

आमच्या आटपाडीकडं जुनी घरं माळवदाची. लाकडाच्या तुळया, वर किलच्या म्हंजे लाकडाच्या चिरफळ्या, त्यावर हातभर पांढरी माती. ही माती शेतातली न्हवं, जुन्या गावठाणाची. तिला चिकटा असतो, पाणी धरत न्हाई. दर उन्हाळ्यात पावसाच्या आधी वर नवा थर चोपायचा. आजी मे महिन्यात दुपारी आत गोधडी घेऊन झोपायची, खोटं वाटंल.

आता सगळ्यांनी स्लॅब टाकले आणि सगळ्यांनी कूलर घेतले.

शिकवणीबाई | १४ मार्च, सकाळी ९.१५

माणदेशी, अगदी बरोबर. वरून फिकट रंग आणि खाली जाड माती, म्हणजे परावर्तन आणि उष्णतेला रोध दोन्ही. नुसत्या रंगाला हे जमत नाही. रंग ऊन अडवतो, पण स्लॅबची जाडी वाढवत नाही.

बेदाणा_तासगाव | १४ मार्च, दुपारी १२.०२

उलट बाजू मांडतो. मी शीतगृहात नोकरीला आहे, बेदाणा साठवतो. आमच्या छताला आतून सहा इंची पफ पॅनेल आहे, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या फोमचा थर. मालकांना कुणीतरी रंग गळ्यात मारला. वीजबिलात मला तरी फरक शोधून सापडला नाही. आधीच जाड गादी असेल तर वरून पांढरी चादर घालून काय मिळणार? हां, बाहेरचा पत्रा कमी तापतो, सांधे कमी हलतात, तेवढं खरं.

बाकी आमच्या शेडवर रंग मारायला येऊ नका, बेदाणा वाळायला शेडमध्ये गरम हवा लागते 😄

पाचगणीची | १४ मार्च, दुपारी १.३०

सांगलीच्या लोकांनी आमच्या डोंगरावर हे विकायला येऊ नये म्हणून लिहिते. चार महिने धो धो पाऊस, पांढरं काहीही पांढरं राहत नाही. दिवाळीपर्यंत हिरवं-काळं शेवाळ. शिवाय आम्हाला डिसेंबरात ऊन हवं असतं. आमच्याकडे पत्रा लाल तो लालच बरा. खाली सातारा शहरात मात्र माझ्या भावाने पोवई नाक्याजवळच्या फ्लॅटला मारलाय, वरचा मजला आहे, तो खूश आहे.

निवांत_मिरजकर | १४ मार्च, रात्री १०.१०

एवढा खर्च रंगावर करण्यापेक्षा सोलर बसवा. सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८ हजार अनुदान आहे. पॅनेलची सावली पण पडते आणि एसी फुकटात चालतो. मी आधीच म्हणालो होतो, एसी.

शिकवणीबाई | १४ मार्च, रात्री १०.३५

निवांतराव, पहिल्यांदाच तुमच्याशी निम्मी सहमत आहे. पण ३ किलोवॉटला साधारण ३०० चौरस फूट जागा लागते, उरलेले साडेपाचशे फूट तापणारच. आणि पॅनेलही तापलं की वीज कमी देतं, खालची गच्ची गार असेल तर त्यालाही बरं. 'हे की ते' असा हा प्रश्न नाहीच.

एक मात्र सरळ सांगते. ज्याच्याकडे एसीच नाही त्याचं बिल रंगाने कमी होणार नाही, पंख्याला किती युनिट लागतात? त्याला झोप मिळेल. आणि चार मजली इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणाऱ्याने यात पैसे घालू नयेत, फायदा सगळा वरच्या मजल्याचा. सोसायटीत भांडणं याच्यावरूनच होतात.

चुनाभट्टी | १५ मार्च, सकाळी ८.२०

चुन्याबद्दल कुणी बोलेना म्हणून मी. दर वर्षी गुढीपाडव्याआधी मारतो, दहा वर्षं झाली. कळीचा चुना घ्या, डब्यातली तयार भुकटी नको. लोखंडी पिंपात आधी पाणी, मग चुना थोडा थोडा. उलटं करू नका, उसळतो आणि डोळ्यात गेला तर डोळा जातो. चष्मा लावा, पोरांना लांब ठेवा. रात्रभर विरू द्या, फडक्यातून गाळा, दहा किलो चुन्याला अर्धा किलो पांढरा डिंक, म्हणजे सुताराचा फेविकॉल. गच्ची ओली करून कुंच्याने पातळ तीन हात. एकच जाड हात मारला की पोपडे धरतात. संध्याकाळी मारा, उन्हात मारला तर भाजून भुकटी होते.

खर्च? तुमच्या गच्चीला दीड-दोन हजारात काम होईल, मजुरी तुमची. पहिल्या दोन मोठ्या पावसात अर्धा धुऊन जातो. पण पावसात कशाला हवाय?

शिकवणीबाई | १५ मार्च, सकाळी ११.००

चुनाभट्टींच्या पाककृतीला माझी एक पुरवणी. विरलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कॅल्शियम कार्बोनेट होतो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात झिउलिन रुआन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये जो 'अतिशुभ्र' रंग जाहीर केला, ९५.५ टक्के ऊन परत फेकणारा, त्यातला मुख्य पदार्थ हाच. फरक असा की त्यांनी वेगवेगळ्या आकारांचे कण घेतले आणि ते रंगात खच्चून भरले. उन्हात लहान-मोठ्या अनेक तरंगलांब्या असतात, एकाच आकाराचा कण सगळ्या विखुरत नाही.

२०२१ मध्ये त्यांनी बेरियम सल्फेट वापरून ९८.१ टक्क्यांपर्यंत मजल मारली. मिरजेत पोटाच्या एक्सरेआधी पेशंटला पाजतात ना पांढरं घोटभर, तोच हा बेरियम. बाजारातल्या नेहमीच्या पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड असतं. ते दिसायला शुभ्र, पण उन्हातले अतिनील किरण पिऊन टाकतं, म्हणून ते रंग ८० ते ९० टक्क्यांच्या आसपास अडकतात.

पुढची गंमत अशी की त्यांचा पृष्ठभाग भर उन्हात भोवतालच्या हवेपेक्षाही गार राहिला, दुपारी साधारण ४.५ अंश आणि रात्री १०.५ अंश. वीज नाही, पाणी नाही. ८ ते १३ मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यातली उष्णता हवा फारशी अडवत नाही, ती थेट वर अवकाशात निघून जाते. आत येणारं ऊन त्याहून कमी असलं की हिशेब उलटा होतो. २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या आस्वथ रामन आणि शानहुई फान यांनी हेच चांदीवर चढवलेल्या सात पातळ थरांनी करून दाखवलं होतं, भर उन्हात ४.९ अंश. ते प्रयोगशाळेचं काम, गच्चीवर कोण चांदी लावणार? रंग आल्यावर गोष्ट आवाक्यात आली.

माणदेशी | १५ मार्च, दुपारी १२.१५

म्हणजे थंडीत मोकळ्या रानात रात्री बादलीतलं पाणी जास्त गारठतं आणि झाडाखालचं कमी, ते यामुळंच?

शिकवणीबाई | १५ मार्च, दुपारी १२.४०

शाब्बास. तुम्ही माझ्या वर्गात असता तर पहिल्या बाकावर बसवलं असतं. अलाहाबादकडे अठराव्या शतकात असाच बर्फ करायचे. उघड्या रानात उथळ खड्डे, त्यात वाळकं काड, वर मातीची पसरट भांडी, पाणी. हवा गोठणबिंदूच्या वर असली तरी पहाटे भांड्यात बर्फ. १७७५ मध्ये रॉबर्ट बार्कर याने लंडनच्या रॉयल सोसायटीला ही कृती कळवली होती. आकाश मात्र निरभ्र आणि कोरडं हवं. ढग आले की वरचं झाकण लागतं. आपल्याकडे मार्च-एप्रिल याला उत्तम, जूननंतर विसरा.

आणि सांगलीच्या दुकानात मिळणारा रंग हवेपेक्षा गार होईल अशी आशा धरू नका. तो कमी तापतो, एवढंच.

रंगकाम_३०वर्षे | १६ मार्च, रात्री ९.००

मी रंगारी आहे. लिहायची सवय नाही, चूकभूल द्यावी. सगळे रंगाचंच बोलायलेत. गच्चीचं बोला. ढाळ बरोबर आहे का? पाणी पाइपाच्या तोंडाकडे जातंय का मधी तळं साठतंय? साठत असेल तर तिथला रंग पहिल्या पावसात फुगून येणार. भेगा असतील तर आधी त्या कोरून भरून घ्या. कठड्याच्या कडेचा वाटा, म्हणजे कोपऱ्यातला सिमेंटचा गोलावा, फुटला असेल तर तो करून घ्या, गळती तिथूनच असते. मग तारेच्या ब्रशने घासून, धुऊन, दोन दिवस खडखडीत वाळवा. ओल्या स्लॅबवर रंग मारला की पापड होतो. पहिला हात उभा, दुसरा आडवा. डब्यावर लिहिलंय त्यापेक्षा जास्त फूट ओढू नका, गिऱ्हाईक पैसे वाचवायला सांगतं आणि नंतर आम्हाला शिव्या घालतं.

सिमेंटचा जुना पत्रा असेल तर मात्र तारेचा ब्रश लावायचा नाही आणि सुका घासायचा नाही. त्यात अ‍ॅसबेस्टॉस असतंय, धूळ छातीत जाते. आणि त्यावर पाय देऊन चढू नका, फळी टाका. आमचा एक माणूस खाली आलाय पत्र्यासकट. वाचला.

गच्चीवाला | १६ मार्च, रात्री ९.४०

काका, हीच माहिती हवी होती. मन:पूर्वक आभार. ठरलं. दोन्ही करून बघतो. आमच्या खोलीवर रंग, मुलीच्या खोलीवर चुना, मधल्या पॅसेजवर दहा बाय सहाचा तुकडा तसाच कोरा. लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड बंदूकही मागवली आहे. बायको म्हणते, गच्ची रंगवतोयस की पीएचडी करतोयस?

पत्र्याखाली | ५ एप्रिल, दुपारी ३.१०

बंदूक आमच्याकडं पण हाय, बेअरिंग तपासायला. आज नव्या कोऱ्या पत्र्यावर मारून बघितली, शेजारच्यांनी कालच बसवलाय. ३३ दाखवायलाय! हात लावला तर चटका बसला. ही बंदूक फसवतीय का पत्रा?

शिकवणीबाई | ५ एप्रिल, दुपारी ३.५५

दोघं मिळून. बंदूक समोरच्या वस्तूतून निघणारी उष्णता मोजते आणि ती भरपूर निघते असं गृहीत धरते. चकचकीत पत्रा स्वतःची उष्णता देत नाही, वर आकाशाचं प्रतिबिंब दाखवतो, आणि निरभ्र आकाश फार थंड असतं. तुम्ही निम्मं आकाश मोजलंत. पत्र्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, दहा मिनिटं थांबा आणि टेपवर मोजा.

पत्र्याखाली | ५ एप्रिल, दुपारी ४.३०

टेपवर ६१. ह्याच्या आयला.

गच्चीवाला | २२ एप्रिल, रात्री १०.५०

झालं एकदाचं काम. रंग २९ मार्चला, चुना ३० ला. रंगकाम काकांचं ऐकून आधी भेगा भरल्या, त्यात चार दिवस आणि साडेतीन हजार गेले.

काल, २१ तारखेला, दुपारी अडीचला सावलीत हवा ३९ अंश. कोरा तुकडा ५८. चुना ४३. रंग ४१. दोन्हीत जवळजवळ काहीच फरक नाही, बाबा दिवसभर मिशीतल्या मिशीत हसत होते.

रात्री नऊला आतून छत मोजलं. पॅसेजचं ३७.५, मुलीच्या खोलीचं ३४, आमच्या खोलीचं ३३.५. गेल्या वर्षीचे आकडे लिहून ठेवले नव्हते हा माझा मूर्खपणा, त्यामुळे खोलीतल्या हवेची तुलना करता येत नाही. पण पंख्याचा वारा आता वाऱ्यासारखा लागतो. एसी पूर्वी पहाटेपर्यंत घरघरत असायचा, आता तासाभरात थांबून थांबून चालतो.

बारीकसारीक: अनवाणी गच्चीवर जाता येतं, आधी चप्पल लागायची. पापड प्लॅस्टिकवर घातले, एका दिवसात वाळले, आई शांत आहे. काळी टाकीही पांढरी केली, दुपारी नळाला येणारं कढत पाणी बंद.

तोटा: पलीकडच्या दुमजली घरातल्या काकू. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आमच्या गच्चीची तिरीप जाते. 'डोळ्यात सुया टोचतात' म्हणाल्या. खिडकीला वेताची चटई लावून दिली माझ्या खर्चाने. शेजार टिकवायचा तर एवढं करावं लागतं.

निवांत_मिरजकर | २२ एप्रिल, रात्री ११.०५

म्हणजे अख्ख्या गच्चीच्या हिशेबाने अठरा-वीस हजार घालून दोन हजारांच्या चुन्यापेक्षा दोन अंश जास्त.

गच्चीवाला | २२ एप्रिल, रात्री ११.०९

हो. लागलं मनाला.

कृष्णाकाठ | २३ एप्रिल, सकाळी ७.५०

आमच्याकडे वेगळी अडचण. २०१९ च्या महापुरात खालचं सगळं गेलं, तेव्हापासून गल्लीत प्रत्येकाने माडीवर एक पत्र्याची खोली बांधलीय. पूर आला तर सामान आणि माणसं वर. ऑगस्टमधल्या आठ दिवसांसाठी बांधली, पण आता पोरांचा अभ्यास तिथंच चालतो, मे महिन्यात भट्टी. पत्र्याला चुना टिकेल का?

चुनाभट्टी | २३ एप्रिल, सकाळी ९.३०

पत्र्याला चुना धरत नाही. पत्रा तापतो-निवतो, वाजतो, चुना गळून पडतो, शिवाय पत्राही खराब होतो. पत्र्याला प्राइमर मारून पांढरा रंगच. माझा धंदा नाही तरी सांगतो.

शिकवणीबाई | २३ एप्रिल, सकाळी १०.००

आणि पत्र्याच्या खोलीतच रंगाचा सगळ्यात जास्त फायदा आहे. स्लॅबसारखी जाडी नाही, ऊन पडलं की पाच मिनिटांत आत धग. अहमदाबादने २०१७ पासून वस्त्यांमधली छतं पांढरी केली ती अशा घरांसाठीच, आणि तेलंगणाने २०२३ मध्ये शीतछतांचं धोरणच आणलं. जमलं तर पत्र्याखाली चार बोटं मोकळी हवा सोडून साधं छत मारून घ्या.

गच्चीवाला | २३ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.२०

दहा महिन्यांनी धागा वर काढतोय, कारण एक गोष्ट तेव्हा कुणीच सांगितली नव्हती. बाईंनीही नाही.

पावसाळ्यात चुना बराचसा गेला, ते अपेक्षित होतं. रंग टिकला, एकही पोपडा नाही, गळतीही थांबली. मी निर्धास्त. आज दुपारी वर गेलो तर गच्ची राखाडी. नोव्हेंबरपासून साखर कारखान्यांचा हंगाम, आजूबाजूला पाचट पेटवतात, काजळीचे काळे धागे उडत येतात. आई रोज सकाळी वाळत घातलेल्या कपड्यांवरून झटकते ते. रंगाला ते चिकटून बसले, वर रस्त्याची धूळ. म्हणजे ऐन उन्हाळा सुरू होताना रंग सगळ्यात मळका!

बंदूक काढली. कोरा तुकडा ४९, रंग ४३. मग निम्मा रंग साध्या पाण्याने, थोडी कपड्याची पावडर टाकून, खराट्याने धुतला. वाळल्यावर तासाभराने परत मोजला. धुतलेला ३७, न धुतलेला ४३. डबा तोच, रंगारी तोच, खराटा फिरला म्हणून सहा अंश.

शिकवणीबाई | २३ फेब्रुवारी, रात्री ८.०५

चूक मान्य. तीन वर्षांनंतरचं परावर्तन विचारा म्हणाले, ते घसरतं का ते सांगायला विसरले. रंग खराब होण्यापेक्षा त्यावर काजळी आणि धूळ बसण्याने ते जास्त घसरतं. ०.८० चा रंग वर्षा-दोन वर्षांत ०.६० च्या घरात येऊ शकतो, आणि धुतल्यावर बराचसा परत मिळतो. आपल्याकडे पाऊस गच्ची धुतो तो जून ते सप्टेंबर, आणि ऊस जळतो त्यानंतर. परदेशी पुस्तकात हे वेळापत्रक कुठून असणार?

रंगकाम_३०वर्षे | २३ फेब्रुवारी, रात्री ९.१०

प्रेशरचं मशीन लावू नका, कडा उचलतात. नायलॉनचा लांब ब्रश. अ‍ॅसिड तर अजिबात नको, बाथरूमवालं. होळीच्या आधी एकदा आणि एप्रिलच्या शेवटी एकदा धुवा.

निवांत_मिरजकर | २३ फेब्रुवारी, रात्री ९.२५

चुन्याला हा प्रश्नच येत नाही. दर वर्षी नवा. बाबांना नमस्कार सांगा.

गच्चीवाला | २३ फेब्रुवारी, रात्री ९.३१

सांगितला. मुलीच्या खोलीवर पाडव्याच्या आधी परत चुनाच मारतोय, पिंप काढून ठेवलंय त्यांनी. उरलेली निम्मी गच्ची रविवारी सकाळी धुणार. पाणी टाकीचं न वापरता बोअरचं घ्यावं म्हणतोय, पण आमचं बोअर क्षाराचं आहे. पांढरे डाग राहतील का?

चुनाभट्टी | २३ फेब्रुवारी, रात्री ९.४४

राहू देत की, पांढरेच आहेत.

पत्र्याखाली | २४ फेब्रुवारी, सकाळी ६.५५

मालकाला राजी केलंय. चंदेरी रंग घासून काढून प्राइमर आणि पांढरा. टेप लावून ६१ दाखवला, मग खिशात हात घातला त्यानं. या रविवारी निम्मी शेड, पुढच्या रविवारी निम्मी. पन्हळीत ब्रश नीट जात न्हाई, लांब दांड्याचा लोकरी रोलर लागतोय. कुणाकडं पडून असला तर सांगा, सांगली-मिरजेत कुठंबी येऊन घेऊन जातो, धुऊन परत आणून देतो.